खात्यापित्या घरचें मूल

मराठी घरांत एखाद्या मुलाचें कौतुक करावयाचें असलें म्हणजे 'खात्यापित्या घरचें मूल' हे शब्द सहज ओंठांवर येतात. पाळण्यांतील बाळ गुटगुटीत असावें, त्यानें चांगलें बाळसें धरावें, आल्यागेल्यानें त्याचा गाल ओढावा आणि आजीनें संध्याकाळीं मीठमोहऱ्या उतरून त्याची दृष्ट काढावी, यांत घराला धन्यता वाटते. या कौतुकामागें एक जुनी धास्ती आहे. मध्यप्रांत-वऱ्हाडानें १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ अवघ्या चार वर्षांत पाहिले. देवी, पटकी आणि हिवताप यांनीं तर कितीएक पाळणे रिकामे केले. अशा काळांत अंगावर थोडें मांस असणें म्हणजे उद्यांच्या आजाराशीं झुंजण्याची शिदोरी जवळ असणें होतें. ज्या पिढीनें रोड मुलें दगावतांना पाहिलीं, तिला भरल्या अंगाच्या नातवाकडे पाहून समाधान वाटावें हें स्वाभाविकच होय.

अडचण येते ती पुढें. पाळण्यांतील बाळाला लावलेलें तेंच माप घरांतील माणसें तेरा-चौदा वर्षांच्या मुलालाही लावीत राहतात. शर्टाचीं बटणें ताणूं लागतात, जिना चढतांना धाप लागते, खेळाच्या तासाला मुलगा वर्गांतच बसून राहतो. तरी घरांतील उत्तर ठरलेलें असतें: 'वाढतें वय आहे, खाऊं द्या. उंची वाढली कीं सगळें आपोआप जिरेल.' हें उत्तर कितपत खरें आहे, याचा शोध गेल्या शंभर वर्षांत अनेक देशांतील वैद्यांनीं घेतला आहे. आणि त्यांना जें आढळलें तें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें शांतपणें ऐकून घेण्यासारखें आहे.

नागपूर शहराचा तर या विषयाशीं अलीकडेच एका गमतीच्या प्रसंगानें संबंध जोडला गेला. जून २०२५ मध्यें केंद्रीय आरोग्य मंत्रालयानें सरकारी खात्यांना व संस्थांना एक सूचनापत्र पाठविलें. कचेऱ्यांतील उपाहारगृहें व बैठकीच्या खोल्या यांतून तेल व साखर यांच्या अतिरेकाची आठवण करून देणारे फलक लावावेत, असें त्यांत म्हटलें होतें. मिहान येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत असे फलक लागणार, ही बातमी जुलैंत बाहेर आली मात्र, आणि देशभर एकच गवगवा झाला. समोसा व जिलबी यांच्यावर आतां सिगारेटच्या पाकिटासारखा इशारा छापला जाणार, अशी हाकाटी उठली. अखेर १५ जुलै रोजीं सरकारला खुलासा करावा लागला कीं, विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारा छापण्याचा हा हुकूम नाहीं आणि भारतीय फराळाच्या जिनसांवर त्याचा मुळींच रोख नाहीं.

समोशाचा कैवार घेण्याच्या भरांत मूळ गोष्ट मात्र मागें पडली. त्याच पत्रांत एका जागतिक पाहणीचा आधार देऊन असें सांगितलें होतें कीं, भारतांत २०२१ मध्यें जास्त वजनाचे व स्थूल प्रौढ सुमारे १८ कोटी होते, ते २०५० पर्यंत सुमारे ४४.९ कोटी होतील. हे २०५० सालचे प्रौढ कोण, असा प्रश्न त्या गोंगाटांत फारसा कोणीं विचारला नाहीं. २०२५ मध्यें जीं मुलें सातवी-आठवीच्या वर्गांत बसलीं होतीं, तीं २०५० मध्यें अडतिशीच्या घरांत असतील. म्हणजे तो आंकडा बऱ्याच अंशीं त्यांचाच आहे.

स्थूलतेकडे रोग म्हणून पाहणें ही कांहीं पाश्चात्त्यांकडून आलेली नवी टूम नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत निंद्य मानलेल्या आठ शरीरप्रकारांत अतिस्थूल व अतिकृश हे दोन्ही गणले आहेत. अतिस्थूलाचे जे आठ दोष तेथें सांगितले आहेत, त्यांत पहिला दोष आयुष्य कमी होणें हा आहे. फाजील भूक व फाजील तहान हेही दोष त्याच यादींत आहेत. कारणें म्हणून अतिभोजन, गोड व स्निग्ध पदार्थांचें सेवन, व्यायामाचा अभाव व दिवसाची झोप यांचा उल्लेख आहे. आणि उपचारांत जव, सावा, कोद्रा, मूग, कुळीथ अशा धान्यांची शिफारस आहे. आजच्या आहारतज्ज्ञाला या यादींत फारसा फेरफार करावा लागणार नाहीं.

आतां, स्थूल कोणास म्हणावें? वजनाच्या आंकड्यावरून हें ठरत नाहीं; कारण उंच मुलाचें वजन अधिक असणारच. म्हणून किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागावयाचें. येणाऱ्या भागाकाराला शरीरभारांक म्हणतात. हा अंक मुलांच्या वयाप्रमाणें बदलतो. यासाठीं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१५ मध्यें पांच ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठीं आलेख तयार केले. प्रौढपणीं ज्याचा अंक २३ भरेल अशा रेषेच्या वर गेलेलें मूल जास्त वजनाचें, आणि २७ भरेल अशा रेषेच्या वर गेलेलें मूल स्थूल, असें त्यांत धरलें आहे. घरच्या घरीं करण्याजोगी याहून सोपी परीक्षा सुतळीची आहे. मुलाच्या उंचीइतकी सुतळी घ्यावी, तिची दुहेरी घडी करावी आणि ती त्याच्या कंबरेभोंवतीं गुंडाळून पाहावी. दोन्ही टोकें एकमेकांना मिळालीं तर ठीक. न मिळालीं तर पोटांत चरबी सांठूं लागली आहे असें समजावें. आणखी एक खूण आईच्या नजरेस सहज पडते. मानेच्या मागील वळीवर आणि कांखेंत कातडी काळसर, जाड व मखमलीसारखी दिसूं लागते. आया तो मळ समजून साबण लावून घासतात. परंतु तो मळ नसून रक्तांतील इन्सुलिन वाढल्याचें बहुधा चिन्ह असतें. तें दिसल्यास घासण्याचें सोडून डॉक्टरांकडे जावें हें बरें.

तेरा ते अठरा या वयालाच एवढें महत्त्व कां द्यावें, असें कोणी विचारील. त्याचीं कारणें शरीराच्या घडणींतच आहेत.

पहिलें कारण चरबीच्या पेशींचें. स्टॉकहोम येथील कॅरोलिन्स्का संस्थेंतील संशोधकांनीं २००८ मध्यें असें दाखवून दिलें कीं, माणसाच्या अंगांतील चरबीच्या पेशींची संख्या बालपणीं व पौगंडावस्थेंत ठरून जाते, आणि प्रौढपणीं ती जवळजवळ कायम राहते. जुन्या पेशी मरतात, त्यांच्या जागीं तितक्याच नव्या येतात. पुढें माणूस रोडावला तर या पेशी आकारानें लहान होतात; त्यांची संख्या मात्र घटत नाहीं. कोठार एकदां बांधलें गेलें म्हणजे धान्य नसलें तरी कोठार उभेंच राहतें, तसा हा प्रकार होय.

दुसरें कारण वयांत येण्याच्या क्रियेचें. या काळांत शरीरांतील वाढीच्या रसांमुळें इन्सुलिनचा प्रभाव निसर्गतःच कांहीं वर्षें मंदावतो. निरोगी मुलाचें स्वादुपिंड थोडें अधिक इन्सुलिन तयार करून वेळ निभावून नेतें, आणि वाढ पुरी झाली म्हणजे तें ओझें उतरतें. परंतु त्याच वेळीं पोटांत फाजील चरबी असली तर एका ओझ्यावर दुसरें ओझें पडतें. ज्या मधुमेहाला एकेकाळीं प्रौढांचा मधुमेह म्हणत, तो पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांतही दिसूं लागला आहे, याचें मर्म येथें आहे.

तिसरें कारण रक्तवाहिन्यांचें. कोरियाच्या युद्धांत मरण पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयाची तपासणी करण्यांत आली, तिचा वृत्तान्त १९५३ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांचें सरासरी वय अवघें २२ वर्षांचें होतें. तरी शंभरांत ७७ जणांच्या हृदयधमन्यांत विकाराच्या खुणा आढळल्या. हृदयविकार हा म्हातारपणाचा रोग, ही समजूत तेव्हांपासून ढांसळली. पुढें अमेरिकेच्या लुइझियाना प्रांतांत बोगालुसा गांवीं १९७३ पासून मुलांची जी दीर्घ पाहणी चालली, तींत ही गोष्ट अधिक स्पष्ट झाली. अपघातानें वगैरे मरण पावलेल्या तरुणांच्या धमन्या तपासल्या असतां, हयातींत ज्यांचें वजन, रक्तदाब व रक्तांतील स्निग्धांश जास्त होते, त्यांच्या धमन्यांत चरबीचे पट्टेही जास्त असल्याचें दिसून आलें. रोग साठाव्या वर्षीं प्रगट होतो. पण त्याचा पाया शाळेच्या दिवसांत घातला जातो.

आतां 'आपोआप जिरेल' या उत्तराकडे वळूं या. स्थूल असलेल्या किशोरवयीन मुलांपैकीं सुमारे ८० टक्के मुलें प्रौढपणींही स्थूल राहतात, असें अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून काढलेल्या निष्कर्षांत २०१६ मध्यें नमूद झालें. म्हणजे पांचांत चार वेळां तें जिरत नाहीं. पण जिरलें तरी काय होतें, हा त्याहून सूक्ष्म प्रश्न आहे. अमेरिकेंत बोस्टनच्या आसपास १९२२ ते १९३५ या काळांत शाळकरी मुलांची उंची व वजनें काळजीपूर्वक नोंदलीं गेलीं होतीं. त्यांतील ५०८ जणांचा ५५ वर्षांनंतर माग काढण्यांत आला. १३ ते १८ या वयांत जे मुलगे जास्त वजनाचे होते, त्यांच्यांत हृदयविकारानें मरण्याचें प्रमाण सडपातळ सोबत्यांच्या २.३ पट निघालें. वातरक्ताचा त्रासही त्यांना अधिक झाला. जास्त वजनाच्या मुलींना म्हातारपणीं सांधेदुखी अधिक होती, आणि चालणें-उठणें यांसारखीं रोजचीं कामेंही जड जात होतीं. प्रौढपणचें वजन हिशेबांत धरूनही हा फरक उरला, हें त्यांतील विचार करण्याजोगें कलम आहे.

इस्रायलमध्यें सैन्यभरतीपूर्वीं सर्व तरुणांची वैद्यकीय तपासणी होते. तेथें १९६७ ते २०१० या काळांत तपासलेल्या सुमारे २३ लक्ष मुलामुलींचा हिशेब २०१६ मध्यें प्रसिद्ध झाला. सतराव्या वर्षाच्या सुमारास जीं स्थूल होतीं, त्यांना पुढें हृदयधमनीच्या विकारानें मरण येण्याचा धोका सडपातळ मुलांच्या जवळजवळ पांचपट होता. तरुण वयांत असे मृत्यु एकंदरींत थोडेच होतात, हें खरें. तथापि ज्या घरांतून असा कर्ता मुलगा चाळिशींत जातो, त्या घराला सरासरीचा हिशेब काय समाधान देणार?

या अंधारांत एक दिवाही आहे, आणि तो डेन्मार्कच्या शाळांनीं लावून दिला आहे. तेथें मुलांच्या उंची-वजनाच्या जुन्या नोंदी जपून ठेवलेल्या आहेत. ६२,५६५ पुरुषांचीं सातव्या वर्षाचीं, तेराव्या वर्षाचीं व ऐन तारुण्यांतलीं वजनें ताडून पाहतां २०१८ मध्यें असें दिसलें कीं, जे सातव्या वर्षीं जास्त वजनाचे होते परंतु तेराव्या वर्षापर्यंत प्रमाणांत आले, त्यांना पुढें मधुमेह होण्याचा धोका मुळांत सडपातळ असलेल्यांइतकाच राहिला. जे तेराव्या वर्षानंतर प्रमाणांत आले त्यांचाही धोका पुष्कळ कमी झाला, पण पुरता गेला नाहीं. जे तिन्ही वेळां जास्त वजनाचे होते, त्यांचा धोका सर्वांत मोठा. फिनलंड, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील ६,३२८ मुलांची सरासरी २३ वर्षांची पाहणी २०११ मध्यें प्रसिद्ध झाली, तिचाही निर्वाळा आशेकडे झुकणारा आहे: लहानपणीं जास्त वजन असूनही मोठेपणीं जे स्थूल राहिले नाहींत, त्यांच्यांत मधुमेह व रक्तदाब यांचें प्रमाण इतरांसारखेंच आढळलें. सारांश, बदलास उशीर झाला म्हणून तो व्यर्थ जात नाहीं. मात्र जितका लवकर, तितका लाभ पुरा.

फाजील मेदाचा हल्ला एकाच अवयवावर होत नाहीं. यकृतांत चरबी सांठते. तिनें तें सुजतें, आणि ज्यानें मद्याचा थेंबही घेतला नाहीं अशा माणसाचें यकृतही कालांतरानें मद्यप्याच्या यकृतासारखें निबर होऊं शकतें. झोपेंत घशाची वाट अरुंद होते. मुलगा मोठ्यानें घोरतो, रात्रभर त्याची झोप मोडते आणि सकाळीं तो वर्गांत पेंगतो. मग 'अभ्यासांत लक्ष नाहीं' म्हणून त्याला बोलणीं बसतात. गुडघ्यांवर व खुब्यांवर वाढीच्या वयांतच भार पडतो. मुलींच्या बाबतींत वाढलेलें इन्सुलिन बीजकोशांना पुरुषी रस अधिक निर्माण करावयास लावतें. पाळी अनियमित होते, चेहऱ्यावर लव येते आणि पुढें संसारांत गर्भधारणेस अडचण पडूं शकते. कर्करोगाच्या तेरा प्रकारांचा फाजील मेदाशीं संबंध असल्याचें कर्करोग-संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २०१६ मध्यें मान्य केलें. आणि ज्यांना किशोरवयांतच मधुमेह जडला त्यांची गोष्ट तर सर्वांत कठीण. अमेरिकेंतील अशा मुलांचा तेरा वर्षें पाठपुरावा करण्यांत आला. सरासरी सव्विसाव्या वर्षीं, म्हणजे जेथें संसाराला नुकता आरंभ व्हावयाचा तेथें, त्यांच्यापैकीं सुमारे ६० टक्क्यांना डोळे, मूत्रपिंडें किंवा मज्जातंतू यांचा एखादा तरी उपद्रव झालेला होता.

येथें महाराष्ट्रांतील एका संशोधनाचा उल्लेख अगत्यानें केला पाहिजे. कारण तें नसतें तर हीं सगळीं मापें परदेशांतून उसनीं आणल्यासारखीं झालीं असतीं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील स्त्रिया व त्यांचीं अपत्यें यांची पाहणी चालविली. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांचें सुमारे ३.५ किलो भरलें. पुण्याकडचीं बाळें मांसानें व उंचीनें उणीं होतीं. परंतु त्यांच्या कातडीखालची चरबी त्या मानानें फारशी उणी नव्हती. पुढें २००४ मध्यें डॉ. याज्ञिक व त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांनीं आपल्या दोघांचें एकत्र छायाचित्र एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकांत छापलें. दोघांचा शरीरभारांक एकच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगांत चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिक यांच्या अंगांत २१.२ टक्के! हिंदी माणूस दिसावयास सडपातळ असला तरी आंतून मेदस्वी असूं शकतो, हें त्यावरून लोकांना उमगलें. म्हणूनच भारतीय मुलांसाठीं मर्यादेच्या रेषा खालीं ओढाव्या लागल्या, आणि म्हणूनच कंबरेची सुतळी वजनाच्या कांट्याहून अधिक खरें बोलते.

या गोष्टीचा दुसरा अर्थही ध्यानांत घेतला पाहिजे. राष्ट्रीय पोषण-पाहणींत (२०१६-१८) दहा ते एकोणीस वर्षांच्या भारतीय मुलांपैकीं २४ टक्के मुलें फाजील कृश, तर ५ टक्के जास्त वजनाचीं आढळलीं. आणि सुमारे दर दहांतलें एक मूल मधुमेहाच्या उंबरठ्यावर होतें. म्हणजे ज्या देशांत अर्धपोटीं मुलें अजून थोडीं नाहींत, त्याच देशांत अतिपोषणाचेंही संकट उभें आहे. जें मूल जन्मतः अशक्त व पुढें एकाएकीं भरभर जाड होतें, त्याला तर धोका अधिक. कारण भूक सोसण्याच्या बेतानें घडलेल्या देहावर सुबत्तेचा भार पडतो. आजीची जुनी धास्ती व आजची नवी चिंता यांचें नातें असें जवळचें आहे.

हें संकट घरांत शिरलें कोठून? यांत एकट्या समोशाला दोष देणें अन्यायाचें होईल. नागपूरकरांच्या जिव्हालौल्याचा लौकिक जुना आहे. तर्रीपोहे, आलूबोंडे, सांबारवडी, सावजी रस्सा, संत्र्याची बर्फी हीं या शहराचीं भूषणेंच होत. पूर्वीं हे पदार्थ वाराला किंवा सणाला होत, आणि खाणारा पायीं किंवा सायकलवर घरीं जाई. आतां ते बोटाच्या एका दाबासरशीं दारांत येतात, आणि मुलगा शिकवणीच्या वर्गाला बसून जातो, बसून शिकतो व बसूनच परत येतो. दहावी-बारावीच्या वर्षीं तर मैदानाला जणूं बंदीच होते. त्यांत विदर्भाचा उन्हाळा. पारा ४५ अंशांच्या घरांत गेला कीं मुलें कूलरपुढें मोबाईल घेऊन बसतात. येथील शाळाही या उन्हामुळें उर्वरित महाराष्ट्राहून उशिरानें, जूनच्या अखेरीस उघडतात. असे दोन महिने बैठ्या स्थितींत व थंड गोड पेयांच्या संगतींत गेले, तर मूल वर्षाचें वजन एका सुट्टींत मिळवितें.

गोड पेयाचा हिशेब फार सोपा आहे. ३०० मिलिलिटरच्या एका बाटलींत सुमारे ३० ग्रॅम साखर, म्हणजे सहा चमचे. दोन हजार उष्मांकांच्या आहारांत वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आंत, आणि साधल्यास २५ ग्रॅमच्या आंत असावी, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका बाटलींतच दिवसाचा उत्तम हिस्सा संपला! केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें मे २०२५ मध्यें आपल्या शाळांना 'साखर फलक' लावण्यास सांगितलें, तेव्हां असें नमूद केलें कीं, अकरा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या आहारांतील १५ टक्के उष्मांक साखरेंतून येतात. येणें योग्य फक्त ५ टक्के. फाजील चरबी, साखर व मीठ असलेले पदार्थ शाळेच्या आवारांत व सभोंवार ५० मीटरपर्यंत विकण्यास मनाई करणारे नियमही २०२० मध्यें झाले आहेत. पण फलक व नियम शाळेच्या फाटकापर्यंत. त्यापुढें स्वयंपाकघराचें राज्य सुरू होतें.

त्या राज्यांत करावयाचें काय? तेलापासून आरंभ करावा. राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ च्या मार्गदर्शनांत दिवसाला दरमाणशीं सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप पुरेसें मानलें आहे. चौघांच्या कुटुंबाला महिन्यास तें साडेतीन लिटरच्या आसपास होतें, आणि त्यांत तूप-लोणीही आलें. गृहिणीनें पिंपावर उघडल्याची तारीख लिहून ठेवावी. पिंप किती दिवसांत रितें झालें, हें पाहिलें म्हणजे कोणाच्या उपदेशाची गरज उरत नाहीं. गोड पेय घरांत आणूंच नये. तहानेला पाणी, ताक, पन्हें बेतानें गोड. संत्र्याच्या या गांवांत मुलानें संत्र्याचा रस पिण्याऐवजीं संत्रें सोलून खावें. चोथा पोटांत गेला म्हणजे पोट भरल्याची जाणीव होते. न्याहारी चुकवूं नये. जेवण घरच्यांनीं एकत्र बसून करावें आणि त्या वेळीं दूरचित्रवाणी व मोबाईल बंद ठेवावेत. पानांत वाढलेलें संपविण्याची सक्ती मात्र सोडावी. अन्न टाकूं नये ही शिकवण चांगली. पण ती पाळावयाची ती आधीं कमी वाढून.

पांच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज किमान ६० मिनिटांची दमविणारी हालचाल हवी, असें जागतिक आरोग्य संघटनेचें मत आहे. ती व्यायामशाळेंतच व्हावी असें नाहीं. उन्हाळ्यांत पहाटे अंबाझरी, फुटाळा किंवा सेमिनरी हिल्स येथें फिरणें, हिवाळ्यांत संध्याकाळचा कबड्डी-खोखोचा डाव, शिकवणीला सायकलनें जाणें, जिन्यानें चढणें या सर्वांची बेरीज होते. परीक्षेच्या वर्षीं तर ही तासाभराची मोकळीक अभ्यासाची शत्रु समजूं नये. दमलेल्या अंगाला गाढ झोप लागते, आणि झोपेवांचून पाठांतर टिकत नाहीं. या वयाला आठ ते दहा तासांची झोप लागते. अपुऱ्या झोपेनें भूक भलत्या वेळीं खवळते हेंही सिद्ध झालें आहे.

या सर्वांहून नाजूक भाग मुलाच्या मनाचा. स्थूल मुलाला शाळेंत टोपणनांवें पडतात. लग्नाकार्यांत नातेवाईक हंसत हंसत त्याच्या अंगावर शेरे मारतात. त्यानें वजन उतरत नाहीं; मूल एकलकोंडें होतें, लपून खाऊं लागतें किंवा मैदानावर पाऊल टाकण्यास लाजतें. मुलींना तर एकीकडून 'जाड झालीस' आणि दुसरीकडून 'खात कां नाहींस' असा दुहेरी मार मिळतो. त्यांतून कांहीं जणी अन्नच टाकतात, आणि तो विकार स्थूलतेइतकाच घातक ठरूं शकतो. वाढत्या वयांत उपास व लंघन यांचा अवलंब करूं नये. पुष्कळ मुलांना वजन घटविण्याचीही गरज नसते. तें आहे तेथें धरून ठेवलें तर वाढती उंचीच हिशेब जुळवून देते. 'उंची वाढली कीं जिरेल' या म्हणण्यांतलें खरें तें एवढेंच, आणि त्याला वजन न वाढूं देण्याची अट आहे. भूक मंदावणारीं नवीं इंजेक्शनें निघालीं आहेत, व अमेरिकेंत २०२२ पासून बारा वर्षांवरील स्थूल मुलांनाही त्यांतील एक देण्यास मान्यता मिळाली आहे. परंतु तीं बालरोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीं, गंभीर प्रसंगीं द्यावयाचीं औषधें आहेत. दुकानांतून आणून टोंचावयाची ती चीज नव्हे.

शेवटीं एक गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. पंधरा वर्षांचें मूल घरचें वाणसामान आणीत नाहीं, फोडणीचें तेल मोजीत नाहीं, शिकवणीच्या वेळा ठरवीत नाहीं, आणि संध्याकाळीं कोठलें मैदान मोकळें राहावें हेंही त्याच्या हातीं नसतें. हे सर्व निर्णय मोठ्यांचे असतात. भोग मात्र चाळिशींत त्या मुलाच्या वांट्यास येतात. म्हणून एकट्या मुलाच्या ताटांतला पदार्थ काढून घेऊन इतरांनीं तो खात बसावें, हा न्याय नव्हे. बदल व्हावयाचा तो साऱ्या घराच्या जेवणांत व साऱ्या घराच्या सवयींत झाला पाहिजे. सणावारीं संत्र्याची बर्फी जरूर यावी, सर्वांनीं मिळून तिचा आस्वाद घ्यावा. आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे सर्वांनींच तलावाची वाट धरावी. अशा घरांत वाढलेलें मूल खऱ्या अर्थानें खात्यापित्या घरचें म्हणतां येईल.